चाळीस सेकंदांत तिजोरी

दि. ९ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. आत्याचा गुडघा आता बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि सेटवर मला नीट बोलता येत नाही, तेव्हा आपलं पत्रच बरं.

आता कामाचं. सध्या मी ज्या सिनेमाच्या कलाविभागात आहे, त्यात एक म्हातारा चोर आहे. तो लाल किरणांच्या जाळ्यातून कोलांट्या मारत येतो. पोलादी दाराशेजारच्या आकड्यांच्या डबीवर गोळी झाडतो, की दार उघडतं. मग डॉक्टरांची नळी कानाला लावून चाळीस सेकंदांत तिजोरी उघडतो. बैठकीत माझ्या तोंडून निघून गेलं, की माझे वडील चाळीस वर्षं कुलपं-तिजोऱ्या दुरुस्त करतायत, ते हे बघून हसतील. दिग्दर्शक म्हणाले, हसू देत, पण का हसतील ते लिहून मागवा. तर लिहा, सवडीनं आणि सविस्तर.

घरी येऊन चार वर्षं झाली. दर सिनेमा संपला की निघायचं ठरवते आणि तेवढ्यात दुसरा सुरू होतो. तुमच्या दुकानातला लोखंडाच्या किसाचा वास इथे कुठेच येत नाही.

आत्याला नमस्कार. लोभ आहे तसाच राहू द्या; कमी पडला तर मागून घेईन.

तुमची,
खटपटी


दि. १७ जानेवारी

चि. खटपटीस,
अ. उ. आ.

मी हसलो नाही, आत्या हसली. मला त्या म्हाताऱ्याची काळजी वाटली. माझ्या वयाला कोलांटी मारली तर तिथेच पडून राहीन आणि सकाळी मालकच मला उठवून चहा देईल.

तर ऐक. ते किरण डोळ्यांना दिसत नसतात. दिसले असते तर चोर वळसा घालून गेला असता, मग ते बसवायचे कशाला? डबीवर गोळी झाडली तर डबी मरते आणि दार बंदच राहतं. मग मालक माझ्याकडे येतो. नळीचं म्हणशील, तर तिजोरीत कानाला कळण्यासारखं फार थोडं असतं. जे कळतं ते बोटांच्या टोकांना. तबकडी फिरवताना एका जागी केसभर अडल्यासारखं होतं. ती जागा वहीत टिपायची, थोडं पुढे जायचं, परत टिपायची. चार-पाच पानं भरली की आतलं चाक कुठे नमतंय त्याचा अंदाज येतो. माझा सगळ्यात चांगला दिवस पावणेतीन तासांचा. वाईट दिवसांचं सांगत नाही, तुझी आई दोन वेळचे डबे घेऊन यायची एवढं लक्षात ठेव.

आणि खरं सांगू का, बहुतेक चोऱ्यांत कुलूप हरतच नाही, माणूस कंटाळतो. एका छापखान्यात मी घंटा बसवली होती. पाल फिरली तरी ती वाजायची. मालक वैतागला आणि जाताना रोज ती बंद करून घरी जायला लागला. त्याच्याकडे चोर आला तो चालत आला, चालत गेला. पण हे तुमच्या सिनेमात कोण बघणार?

तुझं स्टूल दुकानात अजून आहे. कुणी गिऱ्हाईक बसायला लागलं की मी त्याला खुर्ची देतो.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माझा लोभ तुझ्याकडेच ठेवलेला आहे, तो जपून वापर.

तुझे,
बाबा


दि. २८ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दिग्दर्शकांनी सगळ्यांसमोर वाचून घेतलं. कोलांट्या गेल्या, गोळी गेली, नळी गेली. पाल आली. आता चोर वही घेऊन बसतो.

पण आमच्या नटाची बोटं तबकडीवर अशी पडतात जणू रेडिओ लावतोय. म्हणून दिग्दर्शकांना तुमचे हात हवेत. चेहरा नटाचा, हात तुमचे. त्यांनी भंगारवाल्याकडून एक जुनी खरी तिजोरी आणली आहे. तिचा आकडा कुणालाच माहीत नाही. ते म्हणतात, तुमच्या वडिलांना बसू द्या, तीन तास लागले तर तीन तास, कॅमेरा चालू राहील.

चार दिवसांचं काम आहे, येत्या वीस तारखेपासून. माझ्या खोलीत दुसरी खाट मावते, मी मोजून बघितलं. संध्याकाळी आपण नुसतं फिरू. बाबा, याच. नाही म्हणू नका.

उत्तराची वाट बघतेय. लोभ टपालानं न पाठवता या खेपेला स्वतः घेऊन या.

तुमची,
खटपटी


दि. ४ फेब्रुवारी

चि. खटपटीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. येणं जमेलसं वाटत नाही. एका नव्या इमारतीच्या सगळ्या दारांचं काम अंगावर घेतलं आहे. आत्याचा गुडघाही आहे. त्या नटाला शिकवा, सोबत बोटांचं चित्र काढून पाठवतो आहे. अंगठा सैल ठेवायला सांग.

कळावे,
बाबा


दि. ८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न.

आत्याचा गुडघा बरा असल्याचं तुम्हीच लिहिलं होतं. हाताखाली कुणी नसताना अख्ख्या इमारतीचं काम तुम्ही आजवर कधी घेतलं नाही.

दुकान सोडून मी इथे खोटी घरं रंगवायला आले, तो राग अजून आहे का? असेल तर तसं स्पष्ट लिहा. दुसरी खाट मी आणली होती, ती परत देते.

खटपटी


दि. १० फेब्रुवारी

चि. खटपटीस,
आत्याचे अ. आ.

तुझं पत्र वाचून दादा जेवला नाही. तुला काही कळवायचं नाही असं त्यानं मला बजावलं आहे, म्हणजे कळवायलाच हवं.

दोन महिन्यांपूर्वी तो एका वकिलांच्या घरची तिजोरी उघडायला गेला होता. सकाळी नऊला बसला. दुपारी तीन वाजले तरी वहीत एक खूण नाही. शेवटी ड्रिल मागवून भोक पाडलं. त्यांना म्हणाला, कुलूपच झिजलंय. घरी येऊन मला म्हणाला, सगळ्या बोटांना जाड मोजे घातल्यासारखं वाटतं गं. डॉक्टर म्हणतात, साखरेमुळे झालं, आता ते बरं व्हायचं नाही. त्याच्या शर्टाची बटणं मी लावते.

राग कसला आलाय? तुझं ते बोलावण्याचं पत्र खिशात घालून फिरतो. स्टेशनवर जाऊन गाडीची वेळही विचारून आला. पण तुझ्या डोळ्यांदेखत त्या तिजोरीपुढे बसायचं आणि काहीच हाती लागायचं नाही, हे त्याला सोसणार नाही.

काय करायचं ते तू बघ. मी काही लिहिलेलं नाही. माझा लोभ आहेच, त्याचा गाजावाजा नको.

तुझी,
आत्या


दि. १५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मागचं पत्र रागात लिहिलं, ते फाडून टाका. खाट परत दिलेली नाही.

एक बदल कळवायचा राहिला. ती खरी तिजोरी बाद झाली. सेटची जमीन फळ्यांची आहे, तिला एवढं वजन पेलणार नाही असं मी सुताराकडून लिहून घेतलं. दिग्दर्शक माझ्यावर चांगलेच चिडले. आता तिजोरी प्लायवूडची आहे, रंग मीच दिलाय, लांबून लोखंडच वाटतं. तबकडीमागे चाक नाही, काही नाही. कुठेही थांबवा, प्रत्येक आकडा बरोबरच आहे. मागच्या बाजूला मी दोरी धरून बसणार आहे. मी ओढली की दार उघडेल. तुमचे हात फक्त दिसायला हवेत, जसे आहेत तसे.

थंडी आहे म्हणून पोशाखवाल्यांकडून तुमच्यासाठी डोक्यातून घालायचा स्वेटर काढून ठेवला आहे.

पाया पडते. लोभाचं आता समोरासमोर बोलू.

तुमची,
खटपटी


दि. १७ फेब्रुवारी

चि. खटपटीस,
अ. उ. आ.

फळ्यांचं कारण चांगलं जमवलंस. ज्या सेटवर पन्नास माणसं नाचतात त्याला एक तिजोरी जड होते, हे मला नवीनच कळलं. तरी मी विश्वास ठेवला असता, पण बिनबटणांच्या स्वेटरनं घोटाळा केला. आत्याला विचारलं तर म्हणाली, मी काही लिहिलंच नाही, आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला गेली.

तर तुला माहीतच आहे. बरं झालं. मला तोंडानं सांगता आलं नसतं.

मी एकोणीसला सकाळच्या गाडीनं निघतो, संध्याकाळी पोचेन. प्लायवूडच्या तिजोरीपुढे बसायची लाज वाटेल असं वाटलं होतं. तुझं पत्र चारदा वाचलं, तशी ती वाटेनाशी झाली. जन्मभर मी एकटाच दारासमोर बसत आलो. पलीकडे आपलं माणूस बसलंय असं कधी झालं नव्हतं.

फक्त दोरी नेमकी कधी ओढायची, ते बोलून ठेवू. लहानपणी तू माझ्या मागे बसून म्हणायचीस, आता उघडणार, आणि खरंच उघडायचं. कसं कळतं विचारलं तर म्हणालीस, बाबा श्वास घ्यायचे थांबतात. तर मी तसाच थांबेन. कान लावून बस. प्लायवूड पातळ असतं, ऐकू येईल तुला.

बाकी भेटीत. लोभ घेऊन निघतो आहे, स्टेशनवर उतरवून घ्यायला ये.

तुझे,
बाबा