गाडी क्रमांक तीनचा दिवा

प्रति,
मा. कार्यकारी संचालक,
पंचगंगाकाठ पशुसेवा सहकारी संघ मर्यादित,
कोल्हापूर.

अर्जदार : सौ. भाग्यश्री अनेकांत मगदूम, मगदूम ऑटो इलेक्ट्रिक, कबनूर, ता. हातकणंगले.

विषय : एअरबॅगचा दिवा काळ्या पट्टीने झाकलेल्या गाडीच्या 'दुरुस्ती पूर्ण' दाखल्यावर सही करण्यास नकार दिल्याबाबत.

संदर्भ : आपली नोटीस जा.क्र. वाहन/२१४, दि. १२ जानेवारी २०२६.

महोदय,

१. अर्जदार संघाच्या गाड्यांचे विजेचे काम वार्षिक करारावर गेली सहा वर्षे करते. वडील कै. अण्णाप्पा यांच्या हाताखाली ती यंत्रमागाच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरायला शिकली आणि तिथून गाड्यांकडे वळली. जळलेली मोटार चांगली म्हणून कारखानदाराच्या गळ्यात घालणे तिला वडिलांनी शिकवले नाही. सबब वरील नोटिशीने तिला धक्का बसला असला तरी भीती वाटलेली नाही, हे सुरुवातीलाच नमूद करते.

२. दिनांक २ डिसेंबर रोजी गाडी क्रमांक तीन आजऱ्याहून परतताना उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली. गाडीत चालक श्री. बाळासो खोत व पशुवैद्यक डॉ. ऐश्वर्या होत्या. एअरबॅगचे फुगे वेळेत उघडले आणि दोघेही मुक्या मारावर निभावले. पुढे संघाने पत्र्याचे काम करून घेतले, फुगेही नवे बसवले आणि गाडी कबनूरला पाठवली, कारण किल्ली फिरवल्यापासून एअरबॅगचा दिवा विझत नव्हता.

३. अर्जदाराने यंत्र लावून तपासले. फुगा केव्हा उघडायचा हे ठरवणारी एक पेटी गाडीच्या मधोमध असते. अपघाताची नोंद होऊन ती कुलूपबंद झाली होती. अशा पेटीवर नवे फुगे जोडले तरी ते उघडत नाहीत. नवी पेटी आणून तिच्यात याच गाडीचा चासी नंबर व माहिती भरावी लागेल, असे अर्जदाराने लेखी कळवले.

४. त्यावर वाहन विभागाचे श्री. धैर्यशील सावंत यांनी भंगार बाजारातून एक पेटी पाठवली. ती यंत्राला जोडून पाहता तिच्यात दुसऱ्याच गाडीचा चासी नंबर निघाला आणि दुसराच एक अपघात. त्या गाडीच्या चालकाने पट्टा लावलेला नव्हता, एवढे पेटीत नोंदलेले होते. त्याचे पुढे काय झाले ते पेटीत लिहिलेले नसते. अर्जदाराने ती पेटी कागदात गुंडाळून परत केली.

५. त्याच दुपारी श्री. सावंत यांचा फोन आला, "मॅडम, दिवा इझवा की. दिव्यानं काय गाडी अडून बसलीया व्हय?" अर्जदाराने सांगितले की दिवा विझवणे हे काम नाही, फुगा उघडणे हे काम आहे. दुसऱ्या दिवशी गाडी नेण्यात आली. दिव्यावर काळी चिकटपट्टी लावण्यात आली आणि संघाचे पत्र आले : "दिवा दिसून येत नसल्याने दोष दूर झाला असे समजण्यात येत आहे. दाखल्यावर सही करावी." हे वाक्य अर्जदाराने तीनदा वाचले. या न्यायाने संघाने आजारी म्हशीवर घोंगडी टाकावी आणि म्हैस बरी झाल्याचा दाखला द्यावा. सही केली नाही, म्हणून काळ्या यादीची नोटीस.

६. दिनांक १५ जानेवारी रोजी श्री. बाळासो स्वतः गाडी घेऊन कबनूरला आले. म्हणाले, "ताई, त्या दिवशी फुगा उघडला म्हणून आज बोलायला हाय. ही पट्टी बघून पाय क्लचवर पडंना झालाय." आणि त्यांनी पट्टी नखाने खरवडून काढली. डॉ. ऐश्वर्या यांनी या गाडीतून फिरतीस जाणार नाही असे लेखी दिले. त्या आठवडाभर एस.टी.ने गावोगाव गेल्या, औषधांची पेटी मांडीवर घेऊन.

७. आपल्याच कराराच्या कलम ९ नुसार, जीविताचा प्रश्न असल्यास दुरुस्ती करणाऱ्यास योग्य तो भाग परस्पर मागवता येतो. अर्जदाराने ते कलम वापरले. नवी पेटी २२ तारखेस आली. जोडणी करून, बॅटरीला चार्जर लावून, सर्वांना गाडीबाहेर काढून अर्जदार कामाला बसली. पहिल्या खेपेस इंटरनेट तुटले आणि माहिती अर्ध्यात अडकली. अशाने पेटी कायमची निकामीही होते. अर्जदाराने मोबाइलचे इंटरनेट जोडून पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या खेपेस पेटीने चासी नंबर घेतला. किल्ली फिरवली. दिवा पेटला, सहा सेकंद राहिला आणि आपला आपण विझला. "इझला की ओ!" असे श्री. बाळासो एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या कारखान्यातले विणकर माग बंद करून बाहेर आले.

८. आता अर्जदार सही करीत आहे. दाखला सोबत आहे. नोटीस मागे घ्यावी अशी तिची विनंती नाही. काळ्या यादीत नाव घालायचेच असेल तर पुढे कारणही पूर्ण लिहावे : "दिवा झाकला नाही."

९. एक बाब कळवणे राहिले. संघाच्या आणखी काही गाड्यांत तशीच पट्टी असल्याचे समजल्यावरून अर्जदाराने उरलेल्या सातही चालकांना निरोप दिला आहे की किल्ली फिरवल्यावर तो दिवा पेटून विझतो का पाहावे, तसे न झाल्यास गाडी जागची हलवू नये. आज सकाळी चार गाड्या संघाच्या आवारात उभ्या आहेत. चालक त्यांच्या शेजारी बसून आहेत. त्याची जबाबदारी अर्जदार घेते. गाड्या कबनूरला ओढून पाठवाव्यात, चालवत नव्हे.

आपल्या उत्तराची वाट न पाहता कामास लागलेली,

(सही)
सौ. भाग्यश्री अनेकांत मगदूम
कबनूर, दि. २७ जानेवारी २०२६

सोबत :
१. दुरुस्ती पूर्ण झाल्याचा दाखला, सहीसह
२. जुन्या व भंगारातील पेटीच्या तपासणीच्या प्रती
३. डॉ. ऐश्वर्या यांचे पत्र
४. काळी चिकटपट्टी, एक तुकडा