पितरपाटात घेतलेला कम्प्युटर

१६ सप्टेंबर १९८९, शनिवार

माझ्या सुनेले कम्प्युटर पायजे! — तोंड काहून वाकडं करतं वं शामला? मले अक्षर येत नाही म्हणून तुले, सुनेलेच, बसवलं. सांगते तसं लिही.

दोन पोरं शाळेत गेल्यावर, तेहतिसाव्या वर्षी ही बाई पॉलिटेक्निकात जाऊन राहिली. लुगड्याचे काठ काढायले शिकते. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवते. रंग बदलायचा म्हटलं की पुन्हा आठ दिवस. कॉलेजातल्या कम्प्युटरवर म्हणे एक बटण दाबलं की हिरवा काठ लाल! पण तिथं पाळी हप्त्यातून अर्धा तास.

इतवारी बाजारातला एक लुगडेवाला म्हणाला, दिवाळीपर्यंत वीस काठ आणा, पसंत पडले तर वर्षभर काम. चंद्रभान — माझा लेक — म्हणते, “नाही जमलं तर हे शिकणं पुरे.”

१८ सप्टेंबर

सदरच्या दुकानात गेलो, दोघी. कम्प्युटर अख्खा नाही घेत म्हणे. डबा वेगळा, पडदा वेगळा, बटणांची पाटी वेगळी. दत्तोपंत नावाचा दुकानदार निवडून जोडून देते. रुखवत मांडल्यासारखं सगळं टेबलावर!

शामलेनं शिवणकामातून जमवलेल्या पैशात एक तर हार्ड डिस्क येते, नाही तर रंगीत पडदा. दोन्ही नाही.

“हार्ड डिस्क घ्या बाई. पिवळ्या अक्षरांचा पडदा चालते. सगळे तोच नेतात.”

“सगळे म्हणजे कोण गा?”

“हिशेबवाले.”

“मंग त्याईलेच द्या. हिच्या काठाले रंग लागते.”

शामला कानात म्हणे, एका वेळी चारच रंग दिसतात, आत्याबाई. अवं, माझ्या लुगड्याच्या काठाले जन्मभर दोन होते. चार म्हणजे चैन! हार्ड डिस्क नाही तर चित्रं फ्लॉप्यांवर ठेवायची. ठेव, डब्यात, पापडासारख्या.

फ्लॉप्या अन् जोडणावळ धरली तर पैसे कमीच पडले. मंग दत्तोपंत हळूच म्हणाले, पितरपाट सुरू आहे, गिऱ्हाईक फिरकत नाही. अमावस्येच्या आत न्या, खरेदीच्या भावात देतो. नवरात्र लागलं की नाही.

२० सप्टेंबर

शामला स्वतःच नाही म्हणते! “पितरपाटात नवी वस्तू? उद्या पोराले शिंक आली तरी माझंच नाव निघन.”

खरं आहे. दुसऱ्याची सून असती तर मीच नाव काढलं असतं.

२१ सप्टेंबर

आज वरण करपलं. चंद्रभाननं तरी पुन्हा वाढून घेतलं. तेच वाईट.

२४ सप्टेंबर, रविवार

चंद्रभानले जेवताना धरलं. म्हटलं, बापू, तुझा बाप या पंधरवड्यात घर पाहायले येते ना? येऊ दे. दरवर्षी तेच वडे खाऊन कंटाळला असन. यंदा काही नवं पाहू दे त्याले.

लेकाले ठसका लागला. हसला, पण कबूल करत नाही. “अन् काही वाकडं झालं तर, आई?”

“बिल माझ्या नावानं कर. दोष आला तर त्याच पत्त्यावर येऊ दे.”

ही दाराआड उभी राहून ऐकत होती. — होतीस! लिही.

२६ सप्टेंबर

घेतला! बिलावर माझं नाव. माझा अंगठा.

“आजी, तुम्ही चालवणार?” दत्तोपंत म्हणे.

“विमान शिकून झालं. आता हेच राहिलं होतं.”

पडदा पेटला. गुलाबी, आकाशी, पांढरा, काळा. दत्तोपंत काळाही मोजते, पक्का व्यापारी! मंग काही दाबलं, तर लाल, हिरवा, पिवळा. शामलेनं पडद्याले बोट लावलं अन् चटका बसल्यासारखं मागं घेतलं.

९ ऑक्टोबर

चार दिवसांमागं गोपिकेले, नातीले, ताप आला. शेजारच्या यमुताई लगेच हजर — “पितरपाटात घेतलं ना...”

म्हटलं, बिल माझ्या नावानं आहे, ताप मले यायले पायजे होता. पत्ता चुकला. चहा घेता?

चहा घेतला त्याईनं. तापही रात्री उतरला. पण शामला तीन दिवस कम्प्युटरच्या खोलीत गेली नाही. चौथ्या दिवशी मीच तिच्या हातची पोळी काढून घेतली. म्हटलं, जा, काठ उघडे पडले आहेत.

१४ ऑक्टोबर

अकरा झाले. एक मोराचा आहे. मोर कमी, कोंबडा जास्त.

२२ ऑक्टोबर

आज गोपिका लिहून राहिली. शामलेले फुरसत नाही. लुगडेवाल्यानं वीसच्या वीस काठ ठेवून घेतले, आणखी मागितले. कोंबडाही घेतला!

गोपिकेकडून ही वही पहिल्यांदा वाचून घेतली. रोज शेवटी मी एक गोष्ट सांगत होते — की लग्न होऊन आली तेव्हा शामला चित्रकलेच्या परीक्षेचा फॉर्म भरून आली होती, अन् तो मी चुलीत घातला. चूक माझी.

कुठंच नाही. एकाही दिवशी नाही.

रोज विचारलं, लिहिलं का वं? रोज म्हणाली, “लिहिलं, आत्याबाई.”