सोमवारची गोळी

मुलुंड,
गुरुवार, १२ जानेवारी १९८४

ती. आत्यास उत्तराचा नमस्कार.

तिळाचे लाडू आपल्या गावच्या नंदूबरोबर पोचले. पाक जरा पुढे गेलाय, पहिला लाडू फोडताना नंदूची दाढ हलली म्हणे. तरी डबा अर्धा झाला. मी मजेत आहे. नवी खोली हवेशीर आहे, आणि शेजारच्या सुंदराबाई रोज काहीतरी चाखायला देऊन माझ्या पगाराची चौकशी करतात.

माझ्या उंदरांचं काय चाललंय, विचारतेस. छान चाललंय. मधुमेहाच्या दोन गोळ्यांपैकी कुठली बरी, ते आम्ही प्रयोगशाळेत पाहतोय. आधी इंजेक्शन देऊन उंदरांना मधुमेह करायचा. मग काहींना एक औषध, काहींना दुसरं, बोथट सुईने तोंडातून पाजायचं आणि शेपटीच्या टोकातून थेंबभर रक्त घेऊन साखर मोजायची. नाक मुरडू नकोस. मी हात स्वच्छ धुते.

औषध त्यांच्या उपाशीपोटी द्यावं लागतं. परवा पिंजरे सांभाळणारा दशरथ ओरडला, "बाई, लवकर या! ह्याची वाट लागली!" एक उंदीर कोपऱ्यात थरथरत होता, केस पिंजारलेले, मान टाकलेली. साखरेचं पाणी पाजलं, तर थोड्या वेळाने पठ्ठ्या मिशा साफ करायला लागला. दशरथ खूश. मी मात्र तिथेच स्टुलावर बसले, कारण मला तू दिसलीस. दिवाळीच्या सुट्टीतला सोमवार, दिवेलागणीची वेळ, तुझ्या हातातलं निरांजन हलतंय, कपाळ घामाने थबथबलंय. "महादेव परीक्षा बघतोय गं," म्हणालीस. मग जेवलीस आणि तरतरीत झालीस.

आत्या, तो महादेव नव्हे, गोळी आहे. त्या उंदराला दिलेली गोळी तुझीच, एकदा पोटात गेली की दिवसभर साखर उतरवत राहणारी. औषधाने उपास मोडत नाही म्हणून तू ती सकाळी घोटभर पाण्याबरोबर घेतेस आणि संध्याकाळपर्यंत तोंडात काही घालत नाहीस. एखाद्या सोमवारी न्हाणीत पडशील आणि शेजारच्या प्रेमाला कळेपर्यंत... पुढे लिहवत नाही. मला फार भीती वाटते. गोळी मनाने बंद करू नकोस, डॉक्टरांना विचार. उपास मात्र सोड.

तू सोडणार नाहीस, ठाऊक आहे. माझं लग्न जमेपर्यंत सोमवार करीन असं बोलून बसलीयस. म्हणून आता ते सांगते, जे कितीतरी पत्रांत लिहायचं टाळलं.

जमलंय.

शरच्चंद्र त्यांचं नाव. आरेच्या गोठ्यांत गुरांचे डॉक्टर आहेत, आमची जनावरं तपासायला येतात. म्हशीच्या तोंडात हात घालणारा माणूस उंदराला घाबरतो, हे बघून मी इतकी हसले की तिथूनच सुरुवात झाली. स्वभाव शांत आहे, चहा झकास करतात.

त्यांची पहिली बायको गेली. सात वर्षांची मुलगी आहे, जानकी. बिजवराला दिली असं लोक तुला बोलतील, तुला ते लागेल, म्हणून पेन अडत होतं. पण रविवारी मी तिची वेणी घालत होते तर म्हणाली, "ओढू नका ना, मी सांगते कसं ते." आई गेल्यावर तू मला घेऊन गेलीस, तेव्हा मीही तुला हेच म्हणायचे. दोघी किती रडलो होतो त्या वेणीपायी! मग मात्र ठरवलं, तुला सांगायचंच.

लग्न वैशाखात करू म्हणतात. तू यायलाच हवीस, धडधाकट.

हे पत्र नंदूच्याच हाती देतेय, सोमवारच्या आत पोचायलाच हवं. सोमवारी सकाळी महादेवाला सांग, पोरीचं जमलं. घरी ये, गरम भात वाढून घे, वर लोणकढं तूप घे. आधी जेव, माझ्यावर रागवायचं ते मग.

एरवी मी खाली 'तुझी भाची' लिहिते. आज तसं लिहवत नाही.

तुझी मुलगी,
उत्तरा