लाभार्थी क्रमांक चार

द्वारका, नवी दिल्ली
रविवार

आदरणीय गंगूताईस,
धाकट्या भाऊरावचा सप्रेम जय भीम.

तुझा गुडघा कसा आहे? वर्ध्याचं ऊन उतरलं का? इकडे आम्ही सगळे तब्येतीने ठणठणीत. कागदोपत्री मात्र माझं जरा बरं नाही, त्याचंच हे पत्र. (फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच हसायला लागतेस.)

तुला माहीतच आहे, आपली श्रावस्ती आता एकोणतीस वर्षांची झाली. पैशांचा हिशेब तिला जमत नाही, लांबलचक बोललं की गोंधळते, आणि तिच्याकडे बौद्धिक अक्षमतेचा सरकारी दाखला आहे. आमच्या मागे हिचं कसं, या काळजीने कांता आणि मी कित्येक वर्षं एकमेकांकडे न बघता जेवलो. शेवटी आम्ही चार घरच्या आईबापांनी मिळून इथेच तळमजल्यावर एक फ्लॅट भाड्याने घेतला. तिथे श्रावस्ती, यतीन, तनया आणि हणमंत राहतात, स्वयंपाक, झाडलोट वाटून घेतात, आणि देखरेखीला ममता नावाची बाई असते. असल्या घरांना सरकारी अनुदान मिळतं. अट अशी की किमान चार लाभार्थी हवेत आणि वर एक अधीक्षक. आमची फाइल तीन वर्षं फिरत होती. (मी स्वतः आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात राहून जन्मभर लोकांच्या फायली फिरवल्या, त्यामुळे तक्रारीला तोंड नाही.) पण आता आमची सगळ्यांची ऐपत संपत आली होती. अनुदान आलं नाही तर मार्चमध्ये घर बंद, असं ठरलं होतं. श्रावस्तीला मी हे सांगितलेलं नव्हतं.

आणि मंगळवारी सकाळी फोन आला की अकरा वाजता तपासणी. ममता नेमकी आईच्या आजारपणासाठी गावी गेलेली. बाकीची तिघं मेणबत्त्यांच्या कार्यशाळेत. घरी एकटी श्रावस्ती, कारण स्वयंपाकाची पाळी तिची. म्हटलं, एक दिवस आपणच अधीक्षक. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. दारातच तिने माझे बूट काढायला लावले आणि घरातल्या गुलाबी सपाता दिल्या. तिला मदत म्हणून मी कुकर उघडायला गेलो, तर अर्धी डाळ माझ्या शर्टावर आणि खिशातल्या चष्म्यावर. तिने शर्ट भिजत टाकला आणि मला हणमंतचा टी-शर्ट दिला. त्याच्यावर फुटबॉल खेळणारा वाघ आहे. इतक्यात बेल वाजली.

आलेल्या साहेबांचं नाव त्यागीजी. माणूस अतिशय सज्जन, आणि तोच घात झाला. श्रावस्तीने दार उघडलं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांना बूट काढायला लावले, रजिस्टरमध्ये सही घेतली, पाणी दिलं. त्यागीजींनी तिला नमस्कार केला, मग माझ्याकडे वळून, लहान मुलाशी बोलावं तसं विचारलं, “बाबूजी, आज कौन सा दिन है?”

ताई, निवृत्त माणसाला वार विचारू नये. मी म्हणालो, बुधवार. श्रावस्ती म्हणाली, “मंगल है. आज भिंडी.”

मी म्हटलं, मी इथला अधीक्षक. ते म्हणाले, “अच्छा, बहुत बढ़िया!” आणि काहीतरी लिहिलं. मी म्हटलं, मी भारत सरकारचा सेक्शन ऑफिसर होतो. त्यांनी आणखी लिहिलं. मी आवाज चढवून म्हणालो, मी या मुलीचा बाप आहे! त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. “बिल्कुल. हम सब इनके ही तो हैं.” मग त्यांचा तक्ता निघाला. चहा करता येतो? नाही. गॅस लावता येतो? कांता लावू देत नाही. स्वतःचे कपडे कुठे ठेवतात माहीत आहे? कांताला माहीत आहे. हा कागद वाचून दाखवा. (चष्मा डाळीत.) मी संतापून उठलो तर सपात घसरली. श्रावस्तीने मला खुर्चीत बसवलं आणि साहेबांना समजावलं, “पापा को गुस्सा आता है. पानी दो, ठीक हो जाते हैं.” मला पाणी दिलं. ताई, झालो ठीक.

गुरुवारी मंजुरीचं पत्र आलं. अनुदान मिळालं! अर्जात “श्रावस्ती भाऊराव” लिहिलं होतं, तिथे टाइप करणाऱ्याने मध्ये स्वल्पविराम टाकला, आणि आमची दोन माणसं झाली. श्रावस्ती अधीक्षक, शेरा, “अत्यंत कुशल”. भाऊराव, लाभार्थी क्रमांक चार. शेरा, “मोठ्या पदावर असल्याचा भ्रम, सतत आधार आवश्यक”.

मी ताबडतोब कार्यालयात जाऊन चूक सांगितली. तिथला बाबू शांतपणे म्हणाला, दुरुस्ती होईल, तोवर अनुदान चालू राहील. पण पुन्हा अचानक तपासणी झाली आणि क्रमांक चार जागेवर नसला तर सगळं बंद. म्हणून सध्या मी तिथेच राहतो. सकाळी सहाला उठवतात. झाडू माझ्याकडे आहे. यतीनने मला चादरीची घडी शिकवली. काल रात्री जेवताना श्रावस्तीने मला विचारलं, “पापा, तुम्ही आणि आई मेल्यावर पण हे घर राहणार ना?” म्हणजे तिला सगळं माहीत होतं. मी म्हटलं, राहणार. ती म्हणाली, “मग ताट धुवा.” मी धुतलं, आणि बराच वेळ धूतच होतो.

तुझा,
भाऊराव

ता. क. पत्राचं खरं कारण असं की, दुरुस्तीचा अर्ज लाभार्थ्याला स्वतः करता येत नाही, पालकाची सही लागते. कांताला फॉर्म दिला. तिने तपासणीचा अहवाल दोनदा वाचला आणि म्हणाली की यात दुरुस्त करण्यासारखं तिला काही दिसत नाही. म्हणून फॉर्म तुला पाठवतोय. नात्याच्या रकान्यात “थोरली बहीण” लिही आणि सही कर.

ता. ता. क. त्याखाली “लाभार्थ्याच्या स्वभावाविषयी पालकाचे मत” असा एक रकाना आहे. तो कोरा सोड. जादा कागद जोडू नकोस.