पान एकशे बारा

मुरुड
४ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

विनेशदादाकडे उरणला तुमचं बरं चाललं असेल. इथे नारळ पाडून घेतले. तुमच्यासाठी थोडे एसटीने पाठवते.

अणुबॉम्बच्या इतिहासाचं माझं चित्रांचं पुस्तक संपत आलं. अणू पहिल्यांदा फुटला तिथून सुरुवात, मग वाळवंटातली चाचणी, मग हिरोशिमा. तिथे तीन महिने अडले. बँकेच्या दगडी पायरीवर एका माणसाची नुसती सावली उरली, तेवढीच काढली होती. वेणूबाई मासळी द्यायला आल्या, त्यांनी पाहिलं. ‘ह्यो हितं कशाला बसलेला?’ बँक उघडायची वाट बघत असेल, म्हटलं. ‘मंग त्याला आदी बसलेला काड की.’ तसं काढलं. चेहरा मात्र काढला नाही. तो कुणालाच ठाऊक नाही, मी कुठून आणू? हे मनात आलं आणि तुमचं पान आठवलं.

११ मे १९९८, बुद्धपौर्णिमा. तुम्ही रजेवर आला होतात, मी आठ वर्षांची. विहारात संध्याकाळची वंदना संपली आणि कुणीतरी बातमी आणली, पोखरणला चाचण्या झाल्या. तुम्ही मुंबईला अणुकेंद्रात फिटर, म्हणून सगळे तुमच्याभोवती जमले. पांढरा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा, मागे बुद्धमूर्ती. पुस्तकात चित्र मी तसंच काढलं आणि तुमच्या तोंडाशी फुग्यात लिहिलं, ‘आता आपल्याला कुणी हात लावणार नाही.’

यंदा जूनमध्ये इथे होतात तेव्हा तुम्ही ते पाहिलंत. ‘भावना, हे मी म्हणालो नव्हतो.’ मग काय म्हणाला होतात, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने तुम्ही दादाकडे निघून गेलात. बाबांना आता त्या वाक्याची लाज वाटते, असं मी दादाला फोनवर सांगितलं. ते सांगायला नको होतं.

पुस्तकातल्या शास्त्रज्ञांचं, पुढाऱ्यांचं एकेक वाक्य मी कागदपत्रांवरून तपासलंय. न तपासलेलं वाक्य एकच, तुमचं. त्या गर्दीत तुम्ही काय बोललात ते मला ऐकूच आलं नव्हतं. सोबत ते पान आहे, एकशे बारावं, वाक्य खोडून टाकलंय. फुग्यात तुम्हीच लिहा, तुमच्या अक्षरात. अभिमान वाटला होता असं लिहिलंत तरी तसंच छापेन. काही लिहावंसं वाटलं नाही तर पान तसंच परत पाठवा, फुगा कोरा जाईल. वीस तारखेला सगळी पानं छापखान्यात द्यायची आहेत.

तुमचीच,
भावना