पाचव्या भोंग्याला दिलेलं शून्य

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (समोर येऊन पाया पडायला तोंड राहिलेलं नाही, म्हणून कागदावरच.) तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरतेस ना? माझी तब्येत ठणठणीत आहे आणि त्याचीच लाज वाटते. एवढा पराक्रम केल्यावर माणसाला निदान ताप तरी यायला हवा.

काका अकरा दिवस रजा टाकून घरी का बसलेत, हे त्यांनी तुला सांगितलं नसणारच. मीच सांगतो. आमच्या खाणीत वरून खाली निरोप जातात ते पाच भोंग्यांनी, आणि खाली यंत्रांचा गोंगाट असा की एक वाजला तर दुसराच वाजल्यासारखा वाटतो. त्या गोंगाटातून दर भोंग्यामागे जास्तीत जास्त किती माहिती बिनचूक पोचू शकते, तो आकडा काढणं हे माझं काम. कुठला भोंगा किती वेळा वाजवायचा याचे वाटे आधी अंदाजाने धरायचे, मग जो खाली स्पष्ट ओळखू येतो त्याचा वाटा गुणाकाराने वाढवायचा, बाकीच्यांचा घटवायचा, आणि संगणकाकडून हेच शेकडो वेळा करून घ्यायचं. मी सुरुवातीचे वाटे गेल्या महिन्याच्या नोंदवहीतून उचलले. त्या महिन्यात पाचवा, जाड आवाजाचा भोंगा काकांच्याच टेबलावर दुरुस्तीला पडला होता. म्हणजे त्याचा वाटा शून्य. आणि शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच (पाढे तूच शिकवलेस, तुला काय सांगायचं). संगणक बिचारा बजावत होता की उत्तर जास्तीत जास्त किती आणि कमीत कमी किती, हे दोन अंदाज जुळत नाहीत, काहीतरी सुटलंय. मी ती सूचनाच बंद करून टाकली.

मग भर बैठकीत जाहीर केलं की पाचवा भोंगा निरुपयोगी आहे, गणिताने सिद्ध झालंय, काढून टाका. काका एवढंच म्हणाले, "अरे, खाली ड्रिल चालू असलं की तोच तेवढा कळतो." ज्यांनी शब्द टाकून मला इथे चिकटवलं, त्यांना मी सगळ्यांदेखत म्हणालो, "काका, तुम्ही स्क्रू आवळा, आकडे मी बघतो." लोक हसले. भोंगा उतरवला. काकांनी हातातला पाना जागेवर ठेवला आणि घर गाठलं.

चार दिवसांनी सहज म्हणून पाचही भोंग्यांना सारखा वाटा देऊन हिशोब पुन्हा चालवला. तर १.१ बिटचे (बिट म्हणजे माहितीचं माप) १.६ झाले, आणि सगळ्यात मोठा, जवळजवळ तिसरा हिस्सा पाचव्याचा! अति शहाणा त्याचा बैल रिकामा. साहेबांपाशी कबूल केलं, तर त्यांनी तेच पुन्हा भर बैठकीत कबूल करायला लावलं. लोक पुन्हा हसले, या वेळी योग्य माणसाला. मान वर होत नव्हती, मावशी.

गुडघ्याला शेक देत जा.

तुझा दीडशहाणा भाचा

ता. क. पाचवा भोंगा परत चढवायचाय आणि ते काम काकांशिवाय कुणाला जमत नाही. सोमवारी त्यांना पाठवतेस का? सगळं अडून बसलंय.

आणखी ता. क. वरचा ता. क. खोटा आहे. भोंगा परवाच इथल्या दोघा कामगारांनी मिळून चढवला, अर्ध्या तासात. पत्र फाडून नवं लिहिणार होतो, पण काम नसताना त्यांना कोणत्या तोंडाने बोलवावं ते सुचेना. तरी ये म्हणावं. चार शिव्या घालायला का होईना, यावं. मला त्यांच्याशिवाय कामावर बसवत नाही.