निनावी फॉर्म, आठ नावं

३ नोव्हें., सोम.
लखनौच्या मुख्यालयातून आदेश: जिल्ह्याच्या संगणक कार्यालयातलं वातावरण सुधारा. माझ्या आठ जणांना निनावी फॉर्म दिला. मनातलं लिहा म्हटलं. तक्रारी असतील त्या माझ्या वरच्या साहेबांबद्दल. माझ्याबद्दल काय असणार? दिवाळीला घरची चकली खाऊ घालते मी सगळ्यांना.

५ नोव्हें., बुध.
उत्तरं उघडली. प्रत्येक उत्तरापुढे नाव! फॉर्म ऑफिसच्या लॉगिननेच उघडतो, नाव आपोआप चढतं. आम्ही म्हणे संगणकवाले. ते नाव चढणं बंद करून घ्यायला हवं होतं. वाचत गेले.
अंजुम, कंत्राटावरची प्रोग्रामर, माझी लाडकी. तिने लिहिलंय: "कुछ बिगड़ता है तो पहले चपरासी से मैडम का मूड पूछते हैं. पेंशन वाली साइट सुबह से बंद थी, आपको लंच के बाद बताया."
त्या दिवशी म्हातारी माणसं खिडकीवर ताटकळत होती. मला कळलंच नव्हतं, असं मी वर लेखी दिलं होतं. कळू दिलं नव्हतं, हे आज समजलं.

६ गुरु.
आईला सांगितलं, धीर देईल म्हणून. ती भाजी निवडत म्हणाली, "अगं, आम्हीपण तुझा मूड बघूनच बोलतो." नदीवर, बालाजी घाटावर जाऊन बसले. रडू आलं. रागही. चपराशालासुद्धा माहीत!

७ शुक्र.
नावं दिसतायत हे साहेबांना बोलून बसले. मूर्खपणा. ते खूश. नावांसकट यादी सोमवारी हवी. अंजुमचं कंत्राट याच महिन्यात संपतं, आणि पुढच्या कंत्राटावर सही त्यांची. तिने त्यांच्याबद्दलही लिहिलंय, कडक.

१० सोम.
सगळ्यांना बोलावून सांगितलं: नावं दिसली, मी वाचलं, चूक माझी. अंजुम म्हणाली, "मालूम था, मैडम. फ़ॉर्म हमीं ने तो बनाया था."
मग लिहिलंस कशाला? आवाज चढलाच माझा.
"नाम न होता तो आप हँसकर टाल देतीं."
खरंच टाळलं असतं.
यादी द्यायची नाही, हे साहेबांच्या तोंडावर सांगायचंय. एवढ्या वर्षांत त्यांना एकदाही नाही म्हटलेलं नाही मी. साडेचारला बोलावलंय. सव्वाचार झाले.